पुस्तक पाहावे पाहून

सोलापुरात चादर घ्यायला निघालेला माणूस आणि पुस्तक घ्यायला निघालेला माणूस, दोघांचे चेहरे एकदा रस्त्यात नीट न्याहाळून पाहा. चादरवाला ताठ चालतो. आपल्याला कोणी फसवू शकणार नाही, असा भाव त्याच्या तोंडावर असतो. पुस्तकवाला मात्र हातउसने मागायला निघाल्यासारखा, खाली मान घालून, भिंतीच्या कडेकडेनं जातो. आज आपण फसणार हे त्याला ठाऊक असतं. किती रुपयांना, एवढंच ठरायचं बाकी असतं.

याचं कारण साधं आहे. चादर कशी पारखायची हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. वडिलांनी मला ते मुंजीच्या आधीच शिकवलं होतं. घडी उलगडायची, हातावर तोलायची, उन्हाकडे धरून विणीतून किती उजेड येतो ते पाहायचं, काठ ओढून बघायचा आणि शेवटी उलटी करायची. "सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसते," असं ते म्हणत. जकार्ड मागावरची ही चादर. नक्षी दोन्ही अंगांनी उमटते, फक्त रंगांची अदलाबदल होते. इकडे पांढरं असलेलं फूल तिकडे लाल. जी चादर उलटी करून दाखवायला दुकानदार का-कू करील, ती घ्यायची नाही.

पुस्तकासाठीही वडिलांची एक कसोटी होती. पहिलं पान वाचायचं नाही. तिथं लेखक नवरदेवासारखा नटून बसलेला असतो. शेवटचं पान बघायचं नाही, तो आगाऊपणा. एकदम सत्तावन्नावं पान काढायचं. तोवर मुंडावळ्या सुटलेल्या असतात, फेटा बाजूला ठेवलेला असतो, आणि नवरदेव घाम पुसत माणसासारखं बोलायला लागलेला असतो. सत्तावन्नच का, असं मी एकदा विचारलं. "छप्पन्न पानं त्याला सूट दिली," वडील म्हणाले.

या दोन कसोट्यांच्या आधारानं मी संसार केला, जिल्हा परिषदेतून सुखरूप निवृत्त झालो, आणि आता पुस्तकांच्या बाबतीत आपलं काही वाईट होणार नाही अशा भ्रमात असताना एके दिवशी नातीनं माझ्यापुढं मोबाईल धरला. "आबा, हा बघा पुस्तकाचा ट्रेलर."

आमच्या जिल्ह्यात ट्रेलर म्हटला, की ट्रॅक्टरच्या मागं ऊस वाहतो तो. फार तर सिनेमाचा. पुस्तकाला ट्रेलर जोडून त्यात काय वाहत असतील, असा विचार करत मी चष्मा लावला.

आधी अंधार. मग ढोल. मग घारीच्या नजरेनं आभाळातून दिसणारं एक गाव. मग एक वाडा. वाड्यातून कंदील घेऊन चाललेली एक बाई. आणि खर्जातला आवाज : एक वाडा... एक शाप... एक सत्य... टिंबंसुद्धा ऐकू येतात, हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं. कंदील विझला. किंकाळी आली. पाठोपाठ मुखपृष्ठ, किंमत आणि 'घरपोच' आलं. सारा मामला दीड मिनिटाचा. सौ. स्वयंपाकघरातून "कोण ओरडलं?" असं विचारत बाहेर येईपर्यंत मी पुस्तक मागवूनही टाकलं होतं.

मे महिन्यात, सोलापूरचा पारा चव्वेचाळिसावर टेकलेला असताना पुस्तक आलं. मी पंख्याखाली बसून किंकाळीची वाट पाहू लागलो. कंदीलवाली बाई पुस्तकात नव्हतीच. एकशे ऐंशीव्या पानावर एक कंदील आला. पण तो भिंतीला टांगलेला होता आणि त्यात रॉकेल नव्हतं. वाडा मात्र होता. त्याची वाटणी कशी करायची यावर तीन भाऊ दोनशे पानं भांडत होते. हा प्रयोग आमच्या भावकीत मी लहानपणापासून फुकट पाहत आलो आहे.

आता न्यायाचं बोलायचं तर पुस्तक वाईट नव्हतं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ध्यानात आलं, की वाटणीचं भांडण त्या लेखकानं फार जाणतेपणानं लिहिलं आहे. आईच्या पितळी डब्यावरून थोरला भाऊ ऐनवेळी मागं सरतो, ते वाचताना घशाशी काहीतरी आलं. पण पहिल्या वाचनात मी किंकाळीकडे कान लावून बसलो होतो, त्यामुळे डबा माझ्या हातून निसटला. ज्यानं पुस्तक विकलं त्यानंच ते मला वाचू दिलं नाही. ट्रेलरवर माझा पहिला आक्षेप आहे तो हा. माझे पैसे गेले त्याचं एवढं नाही. त्या लेखकाचा वाचक गेला.

दुसरा आक्षेप कापडाच्या धंद्यातला आहे. सिनेमाचा ट्रेलर हा त्याच ताग्यातून फाडलेला तुकडा असतो. तुकडा निवडून चांगला दिला असेल, पण वीण तीच, रंग तोच. पुस्तकाचा ट्रेलर हा दुसऱ्याच गिरणीतला माल. पुस्तक विणलेलं असतं वाक्यांचं, आणि दीड मिनिटाच्या त्या चित्रफितीत पुस्तकातलं एक वाक्य औषधाला सापडत नाही. ढोल ढोलवाल्याचा, आवाज आवाजवाल्याचा, घार कॅमेरेवाल्याची. लेखकाचं काय, तर नाव. चादरीच्या दुकानात जाऊन चादरीचा फोटो हाताळून परत यावं, तशातली गत.

हा प्रकार नवाही नाही. अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीलाच पुस्तकांचे ट्रेलर निघू लागले होते. २०१० साली गॅरी श्टाइनगार्ट नावाच्या लेखकानं आपल्या 'सुपर सॅड ट्रू लव्ह स्टोरी' या कादंबरीचा ट्रेलर काढला, आणि त्यात स्वतःच असं सोंग घेतलं, की या लेखकाला मुळी वाचताच येत नाही! मला हा गृहस्थ आवडला. ट्रेलरचा आणि वाचण्याचा संबंध किती, हे त्यानं ट्रेलरमध्येच सांगून टाकलं.

त्याच साली आपल्याकडे अमीश त्रिपाठींचं 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' आलं. अनेक प्रकाशकांनी ते आधी परत केलेलं होतं. अमीश आयआयएममध्ये शिकलेले, वित्तसंस्थांत नोकरी केलेले. त्यांनी ट्रेलर काढून यूट्यूबवर टाकला, त्याला तौफिक कुरेशींचं संगीत घेतलं. आणि त्याहून शहाणपणाची गोष्ट म्हणजे, पहिलं प्रकरण छापून दुकानांतून फुकट वाटलं. पुस्तक पुढं लाखांनी खपलं. त्यात ट्रेलरचा वाटा किती आणि फुकट प्रकरणाचा किती, याचा हिशेब वित्तवाल्यांनी करावा. मी सोलापूरचा माणूस आहे. आमच्याकडे शेंगाचटणीवाला डब्यावर शेंगांचं चित्र लावतो हे खरं, पण गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, की चिमूटभर चटणी त्याच्या तळहातावर ठेवतो. चित्र पाहून माणूस थांबतो. घेतो तो चिमटीमुळं. पहिलं प्रकरण ही चिमूट होती.

आता तुम्ही म्हणाल, की म्हातारा 'आमच्या काळी'वर येणार. आलोच.

आमच्या काळी नव्या पुस्तकाचा सुगावा लागायचे मार्ग ठरलेले होते. एक, १९६४ साली सुरू झालेलं 'ललित' मासिक. त्यात ठणठणपाळ या नावानं जयवंत दळवी लेखकांच्या टोप्या उडवत. कोणाची टोपी उडाली ते पाहून आम्ही त्याचं पुस्तक शोधत असू. दोन, मासिकांतल्या जाहिराती आणि प्रकाशनपूर्व सवलती. तीन, स्टेशनवरचा पुस्तकांचा स्टॉल; गाडी सुटेपर्यंत तिथं किती पानं वाचून होतात यावर आमची मित्रमित्रांत पैज लागे. आणि चार, आमच्या वाचनालयातले कारकून. हे गृहस्थ बोलत फार कमी. नवीन पुस्तक टेबलाच्या खणात ठेवत, आणि माणूस बघून बाहेर काढत. १९७७-७८चा सुमार असेल, माझी नोकरी नुकतीच लागलेली. त्यांनी जी. ए. कुलकर्णींचं 'पिंगळावेळ' माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "रात्री वाचू नका." झाला तेवढा ट्रेलर! तीन शब्द, ढोल नाही, कंदील नाही. मी अर्थातच रात्री वाचलं, आणि सकाळी कचेरीत फायलींवर चुकीच्या तारखा घातल्या.

पण 'आमच्या काळी'ची गोडी लावताना त्यातला कडवटपणा लपवू नये. खणातलं पुस्तक माणूस बघून बाहेर येई. मी कारकुनाच्या ओळखीचा होतो. माझ्या बहिणीला त्यांनी तोच खण कधी उघडून दाखवला नाही. तिला पाककृती मिळत. आज माझ्या नातीला कोणाच्या खणाकडे बघावं लागत नाही, हे मी विसरत नाही.

आता मुलाखती. ट्रेलरपेक्षा ही चीज निराळी. निदान लेखक तरी खरा असतो. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढं त्यावर 'प्रतिभा आणि प्रतिमा' कार्यक्रमात लेखक दिसू लागले. पण आमच्या घरांवर ॲन्टेना चढायला बरीच वर्षं जावी लागली. मॅजेस्टिक गप्पा व्हायच्या त्या पार्ल्याला नाहीतर पुण्याला. लेखकाला ऐकायचं, तर सोलापूरकरानं सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची, आणि परतीच्या रात्री पुन्हा तीच. दोन रात्रींचं जागरण करून ऐकलेला लेखक सामान्य वाटला, तरी तसं कबूल करायची सोय नसे. आता 'थिंक बँक' आहे, 'मित्रम्हणे' आहे; तास-तासभर निवांत बोलणारी माणसं खाटेवर पडल्यापडल्या ऐकता येतात. लेखक कोणत्या गावचा, काय खातो, कोणाला घाबरतो, सारं कळतं. गावाचं अंतर मिटलं, हा मोठाच लाभ. पूर्वी पुण्यामुंबईच्या वाचकाला आमच्या आधी दोन महिने पुस्तक कळे आणि तो ते आम्हाला ऐकवून दाखवी. ते दुःख आता उरलं नाही.

मात्र या लाभाच्या पोटात एक गंमत आहे. गेल्या वर्षी एका लग्नात, पंगतीला अवकाश असल्यामुळं, व्याह्यांच्या एका स्नेह्यांबरोबर माझी साहित्यचर्चा सुरू झाली. एका गाजणाऱ्या नव्या पुस्तकावर आम्ही तुटून पडलो. लेखकाचं बालपण, त्याचे वडील, त्या वडिलांचं दुकान, दुकानाला लागलेली आग, सगळं झालं. भाषेतल्या रांगडेपणावर आमचं एकमत झालं. आजूबाजूला दोनचार माणसं ऐकायला जमली. मी जरा रंगात येऊन म्हटलं, "शेवट मात्र थोडा ओढूनताणून केल्यासारखा वाटतो."

"शेवटाबद्दल सांगू नका," ते घाईघाईनं म्हणाले. "माझं अजून तिथपर्यंत आलं नाही."

"कितव्या पानावर आहात?"

"पान नाही हो. बावन्नाव्या मिनिटावर."

मी प्रामाणिक माणूस आहे. माझी एक तास दहा मिनिटं पूर्ण झाली असल्याचं मी सांगून टाकलं. दोघांनी एकच मुलाखत पाहिली होती, आणि पुस्तक दोघांपैकी एकानंही उघडलं नव्हतं. तेवढ्यात इतका वेळ गुपचूप पान जमवत बसलेले तिसरे एक गृहस्थ म्हणाले, "मी वाचलंय ते पुस्तक. तुम्ही बोलत होता, त्यातलं त्यात काहीच नाही." नंतर पंगतीत आम्ही दोघं एकमेकांपासून लांब बसलो.

मुलाखतीचा दोष इथं आहे. ट्रेलर पुस्तकाची भूक खोटी लावतो. मुलाखत ती भूक खोटीच भागवते. तासभर लेखक ऐकला, की पुस्तक वाचल्यासारखं वाटतं. पोट भरतं, फक्त जेवण झालेलं नसतं.

शिवाय बोलणारा लेखक आणि लिहिणारा लेखक हे सख्खे भाऊ असतीलच असं नाही. फ्रान्समध्ये बर्नार पिव्हो नावाचे गृहस्थ १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षं 'आपोस्त्रॉफ' हा पुस्तकांचा कार्यक्रम दूरदर्शनवर करत. शुक्रवारी रात्री जे पुस्तक तिथं गाजे, त्यासाठी शनिवारी दुकानात गर्दी होई. १९७५ साली त्यात नाबोकोव्ह आले. एवढा भाषेचा जादूगार, पण आयत्या वेळी बोलायची त्यांना भीती! त्यांनी प्रश्न आधी मागून घेतले, उत्तरं लिहून आणली, ती टेबलावरच्या पुस्तकांच्या आडून वाचली, आणि धीर यावा म्हणून चहाच्या किटलीत व्हिस्की भरून घेतली. पिव्हो मधून मधून "आणखी थोडा चहा?" असं अदबीनं विचारत आणि ओतत. आमच्याकडे कित्येक साहित्यिक सत्कारांत याच्या उलट अडचण असते : किटलीत खरोखरच चहा असतो, आणि वक्ता थांबत नाही.

मुद्दा विनोदाचा नाही. तोंडानं अडखळणारा माणूस कागदावर धावू शकतो, आणि तोंडानं धावणारा कागदावर दोन पायऱ्यांत धापा टाकू शकतो. पुस्तकं मुलाखतीवरून निवडायची म्हटलं, तर हळूहळू बोलघेवड्यांचीच पुस्तकं उरतील. जी. एं.चं काय झालं असतं? धारवाडला इंग्रजी शिकवायचं, डोळ्यांवर काळा चष्मा, सभा-सत्कारांपासून लांब. मित्रांना पत्रं लिहीत ती मात्र भरभरून. त्यांना कोणी कॅमेऱ्यासमोर बसवून "कथा सुचते कशी, सर?" असं विचारलं असतं, तर ते बहुधा मागच्या दारानं निघून गेले असते, आणि आमच्या नातीच्या मोबाईलच्या हिशेबी असा कोणी लेखक झालाच नसता.

एवढं बोलून झाल्यावर, मुलाखतीनं माझ्यावर केलेला उपकार न सांगणं कृतघ्नपणाचं होईल. मारुती चितमपल्ली आमच्या सोलापूरचे. इथंच १९३२ साली जन्मले. २००६ साली इथं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष तेच होते. गर्दीत उभा राहून मी त्यांचं 'चकवाचांदण' विकत घेतलं, घरी आणून काचेच्या कपाटात ठेवलं, आणि गावाचा अभिमान म्हणून एकोणीस वर्षं नेमानं पुसलं. गावच्या लेखकाचं पुस्तक वाचावं लागत नाही, असा आपल्याकडे एक समज आहे. १८ जून २०२५ला ते सोलापुरातच गेले. त्या रात्री नातीनं त्यांची एक जुनी मुलाखत लावली. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले, हे मला तोंडपाठ होतं. अनेक समारंभांत ते मी टाळ्यांसाठी वापरलंही होतं. पण तो शांत, थांबत-थांबत येणारा आवाज ऐकताना वाटलं, की हा माणूस एक शब्द उच्चारायच्या आधी तो झाडावर नीट बसला आहे ना, ते बघतो आहे. मी उठलो, कपाट उघडलं. सत्तावन्नावं पान काढलं आणि पहाटेपर्यंत वाचत राहिलो. एकोणीस वर्षांत त्यांना सांगता आलं असतं, असं बरंच काही होतं. तेव्हा मुलाखत ही वाईट नाही. तिनं खाटेवरून उठवून कपाटापर्यंत नेलं, तर ती मुलाखत. नाहीतर नुसतं अंगाईगीत.

हे सगळं टीकाशास्त्र अंगी मुरल्यावर माझ्या हातून ट्रेलर व्हायचा योग आला.

आमच्या शेजारी अण्णा राहतात. चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी कन्नड, चावडीवर मराठी, अशी आमच्या गावाची रीत. अण्णांनी पुस्तक लिहिलं ते मराठीत. एकशे साठ पानं, स्वतःच्या पैशानं छापलेल्या तीनशे प्रती. विमोचनाच्या दिवशी बावीस गेल्या. बाकीच्या खाटेखाली. खाटेचा एक पाय आखूड होता, त्याखाली दहा प्रतींचा गठ्ठा चपखल बसला. "पुस्तकाचा उपयोग झाला बघा, साहेब," असं अण्णा हसून म्हणत. ते हसू मला काही बरं वाटत नसे.

नात म्हणाली, "अण्णा आजोबा, आपण तुमच्या पुस्तकाचा ट्रेलर करू." मी लगेच कंदिलाच्या धास्तीनं दिग्दर्शन माझ्याकडे घेतलं. नातीनं पहिलाच प्रश्न टाकला, "पुस्तकात काय आहे, ते एका वाक्यात सांगा."

अण्णांनी थोडा विचार केला. "एका वाक्यात सांगता आलं असतं, तर एकशे साठ पानं कशाला छापली असती, पोरी? कागद काय फुकट मिळतोय?"

साहित्यावरचे पुष्कळ ग्रंथ मी चाळले आहेत. इतकं नेमकं विधान मला त्यांत सापडलेलं नाही.

"बरं, गल्ली वरून दाखवू. ड्रोन मिळतो भाड्यानं."

"वरून काय दिसणार? पत्रे."

"मग पुस्तक का लिहिलंत ते तरी सांगा."

"माग बंद केला. हात रिकामे राहिले." एवढं बोलून अण्णा गप्प. नातीनं माझ्याकडे बघितलं. माझं सगळं शास्त्र एका कसोटीवर येऊन थांबलं. मी म्हटलं, "अण्णा, सत्तावन्नावं पान वाचा."

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला आणि वाचायला लागले. त्या पानावर गल्लीतली रात्र होती. बायको दिव्याखाली कांड्या भरते आहे, घराघरांतून मागांची खटखट चालू आहे, आणि त्या आवाजात पाळण्यातली पोरं गाढ झोपली आहेत. मग वीज जाते. गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात. आणि त्या शांततेनं दचकून सगळ्या घरांतली पोरं एकदम उठून रडायला लागतात.

पाच मिनिटं लागली. मधे एकदा त्यांचा आवाज अडकला, तो तसाच ठेवला. संगीत नव्हतं; पलीकडच्या घरात माग चालू होता, तेवढाच. नातीनं ते कुठंही न कापता यूट्यूबवर टाकलं. महिनाभरात दोनशे बारा वेळा पाहिलं गेलं. त्यांतले साठ वेळा तरी आम्हीच पाहिलं असेल. अकरा प्रती गेल्या. व्यापाराच्या दृष्टीनं ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नाही.

मग एका संध्याकाळी भिवंडीहून फोन आला. कोणी बाई होत्या. अण्णा उभ्यानंच बोलत होते, तेलुगूत. म्हणजे बोलत त्या होत्या आणि अण्णा नुसतं "हां, हां" करत होते. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ खाटेच्या कडेवर बसून राहिले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आमच्याच गल्लीतली. लहानपणी बापाबरोबर तिकडं गेली. म्हणाली, त्या रडणाऱ्या पोरांतली एक मी. तीन प्रती पाठवा." अण्णा वाकले आणि खाटेच्या पायाखालच्या गठ्ठ्यातूनच तीन प्रती ओढून काढल्या. खोलीत दुसरे भरपूर गठ्ठे असताना त्यांनी त्यालाच का हात घातला, ते मी विचारलं नाही.

परवा त्यांच्याकडे चहाला गेलो, तर खाट डुगडुगत होती. मी म्हटलं, "अण्णा, एखादी वीट तरी सरकवा खाली. चहा सांडतोय."

"राहू दे साहेब," अण्णा म्हणाले. "डुगडुगू दे."